घंगाळातली गिटार

"जरा घंगाळ घेतो," एवढंच मी त्या रविवारी बायकोला म्हणालो. घंगाळ माणूस कशासाठी घेतो? आंघोळीसाठी. सुमननेही तेच धरलं आणि "पाणी तापलंय" असंही सांगितलं. त्या दिवशी मी निमूटपणे आंघोळ केली असती, तर आज गंगाखेडात मला तोंड दाखवायला जागा राहिली असती.

पण मला घंगाळ गिटारसाठी हवं होतं.

औरंगाबादला बी.एस्सी. करताना (भौतिकशास्त्र, दुसरा वर्ग, हे पुढे लाज वाटण्यासाठी लागणार आहे) मी एका मित्राची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन ठेवली होती. समाज हार्मोनियमच्या आवाजात बदलणार नाही, असं माझं ठाम मत होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने सही केली म्हणून वडील, म्हणजे दादा, महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. समतेची गाणी तयार होती, चाली तयार होत्या, चीड तर इतकी होती की दोघांना पुरावी. नव्हतं फक्त मशीन. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज नसतो. तार छेडली की डास भिंतीवर आपटल्याएवढं काहीतरी होतं. आवाज मोठा करणारं मशीन मुंबईला मिळतं आणि मी सोनपेठच्या विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवत होतो. म्हणजे तो विषय तिथेच संपतो.

मी तो संपू दिला नाही, हीच माझी चूक.

दादांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. अशा रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची सोय असते. तिथे मी गिटारची वायर जोडली. आवाज आला, पण सर्दी झालेल्या माणसाने बाजेखालून हाक मारावी तसा. मी रेडिओतला स्पीकर लांब वायरीवर बाहेर काढला (दादा तेव्हा शेतात होते), तो घंगाळात पालथा ठेवला आणि तार छेडली.

सुमन धावत आली. "फुटलं का?"

"काय?"

"घंगाळ!"

फुटलं नव्हतं. पितळ गात होतं! औरंगाबादेत त्या मित्राच्या खोलीत मोठ्या मशीनमधून ऐकलेला तो करकरीत, दात ओठ खाणारा आवाज माझ्या न्हाणीघरात उभा होता.

मग मी थांबतो कशाला? तांब्याच्या हंड्यात स्पीकर सोडला की आवाज गोल आणि खोल यायचा, विहिरीत उतरून कोणी गावं तसा. पत्र्याच्या कोठीत सोडला की गर्जना. ही गर्जना कोठीत ज्वारी किती आहे त्यावर अवलंबून असे. काठोकाठ भरलेली कोठी मुकी, अर्धी कोठी क्रांतिकारक. त्यामुळे दळण किती काढायचं हे घरात मी ठरवू लागलो. तीन भांडी, तीन मशीनं. मुंबईच्या कलावंतांना जे हजारोंत पडतं ते मला आंघोळ, पाणी आणि भाकरी या तीन गोष्टी अडवून मिळत होतं.

सहा महिने सुमनने सोसलं. मग एकदा ज्वारीत गिटारची वायर निघाली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आपण एक ठरवू. एकदा लोकांसमोर वाजवा. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही ऐकलं तर गिटार माळ्यावर आणि माझी भांडी जागेवर."

"मान्य," मी म्हणालो. जनतेवर माझा विश्वास होता.

शाळेचा टेपरेकॉर्डर शनिवारी घरी आणला (मुख्याध्यापकांना 'प्रयोगासाठी' सांगितलं, खोटं नव्हतं) आणि तिन्ही भांड्यांत एकेक कडवं वाजवून कॅसेट भरली. ती गंगाखेडला सूर्यभानला पाठवली. हा माझा कॉलेजचा मित्र, तिथे युवक मेळावा भरवत होता. त्याचा शाळेत फोन आला.

"अरे, हे कोणतं मशीन आहे? परदेशी?"

"घरचीच व्यवस्था आहे."

"तेच घेऊन ये. दुसरं काही चालणार नाही!"

आता घरच्या व्यवस्थेविषयी सांगायला हवं. ही तिन्ही भांडी सुमनच्या माहेरची. लग्नात मी हुंडा घेणार नाही, भांडीकुंडीही घेणार नाही, असं भर बैठकीत बाणेदारपणे सांगितलं होतं. माझे सासरे माणिकराव "बरं" म्हणाले आणि त्यांनी भांडी पाठवून दिली. प्रत्येक भांड्यावर लांबून वाचता येईल अशा ठोक्यांत 'चि. सौ. कां. सुमन हीस माणिकराव, गंगाखेड यांजकडून' असं कोरलेलं. आणि मेळावा गंगाखेडलाच होता.

मेळाव्याच्या सकाळी मी भांडी अंगणात काढली. कोठी आधी अर्धी केली. आई ओसरीवरून म्हणाली, "बाळू, सुनंची भांडी आशी उघडी न्यायची नसतात रं. निदान वरून गोधडी तरी टाक."

"का?"

"लोक काय म्हणतील?"

हे शब्द माझ्यासमोर उच्चारायचे नसतात. लोक काय म्हणतील या भीतीनेच हा समाज कसा सडला आहे, यावर मी अंगणातच बोललो. समोरच्या घरातलीही दोनचार माणसं ऐकायला आली.

"अहो, त्या काय म्हणतात ते पुरतं ऐकून तरी घ्या," सुमन म्हणाली.

"अंधश्रद्धा आहे सगळी!"

"बरं," ती म्हणाली. (तिच्या वडिलांचाच 'बरं' होता तो. मला तेव्हाच ओळखायला हवा होता.) आणि भांड्यांच्या बाबतीत माझा भरवसा नाही म्हणून तीही निघाली.

भांडी एस.टी.च्या टपावर चढली. कंडक्टरने चढवतानाच घंगाळावरचं नाव वाचलं. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "नवीनच लग्न दिसतंय."

"वर्ष झालं."

"आन् येवढ्यात?"

"काय करणार? घरातल्या घरात किती दिवस कोंडून ठेवायचं? आता चार लोकांसमोर काय तो निकाल लागू दे." (मी गिटारविषयी बोलत होतो.)

"बाईचं काय म्हननं हाय?"

"तिनेच अट घातली."

त्याने सुमनकडे पाहिलं. तिला बस लागते. पदर तोंडाशी, डोळे लाल, गालावर पाणी.

"आवं, त्या रडायल्यात की!"

"नेहमीचंच आहे ते. बस हलली की सुरू."

त्यानंतर गंगाखेडपर्यंत त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तिकिटंसुद्धा त्याने सुमनच्या हातात दिली. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने मागे वळून मला न्याहाळलं आणि खिडकीबाहेर थुंकली. मी तंबाखूच्या व्यसनाबद्दल दोन शब्द बोलणार होतो, पण म्हटलं, आज एकाच क्रांतीचं बघू.

गंगाखेडच्या स्टँडवर सूर्यभानची जीप आली नव्हती. आम्ही उभे. मध्ये घंगाळ, हंडा, कोठी. एका बाजूला मी, पाठीला गिटार आणि हातात रेडिओची पिशवी, दुसऱ्या बाजूला लाल डोळ्यांची सुमन. तेवढ्यात तिची सुलामावशी बाजाराची पिशवी घेऊन समोरून आली. आधी तिने भाचीकडे पाहिलं, मग भांड्यांकडे, मग माझ्याकडे.

"आगं माय माय माय!" असं म्हणून ती पिशवी तिथेच टाकून पळत सुटली. वयाच्या मानाने फार वेगाने.

"ही का पळाली?" मी विचारलं.

"तुम्हाला खरंच माहीत नाही?" सुमन म्हणाली.

मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या भागात लग्नात दिलेली भांडी सासरच्या दारातून उघड्यावर बाहेर पडतात ती एकाच कारणासाठी: मुलीला कायमचं माहेरी सोडायचं असेल तेव्हा. भांडी मोजून परत, मुलगी परत, विषय संपला. शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भौतिकशास्त्रात मात्र हे नव्हतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"अंधश्रद्धा आहे म्हणालात."

जीपच्या आधी माणिकराव आले, सोबत सुमनचे चुलते बन्सीधरराव आणि भावकीतली चार माणसं. भांडी उचलली गेली, सुमन आणि मी मागून चालवले गेलो. घरी पोचताच सुलामावशीने, गावात बोभाटा नको म्हणून, वाड्याचं मोठं दार लावून अडसर घातला. बायका सुमनला आत घेऊन गेल्या. मला सतरंजीवर मधोमध बसवलं.

"जावईबापू," बन्सीधरराव म्हणाले, "पोरीचं काय चुकलं?"

"काहीच नाही!"

"मंग भांडी कामून वापस?"

"वापस नाहीत. मला लागतात."

"कशाला?"

"वाजवायला."

आतून सुलामावशीचा आवाज आला, "आयकलं का? वाजवायला म्हनं! वाजतगाजत आणून सोडायलेत!"

"अहो, सुमनला विचारा ना!"

"इचारलं," मावशी आतूनच म्हणाली. "ती बी म्हणती तुमच्या त्या वाद्यासाठी आणलीत. झाकायलीय बिचारी. लय गुणाची पोरगी हाय."

मग माणिकराव पुढे सरकले. थोराड, गंभीर माणूस. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "काय कमी पडलं ते सांगा, बापू. लग्नात तुमी नको म्हणालात, तरी बी आमी आमच्या परीनं दिलं. कोठी ल्हान पडली का? मोठी करून देतो. पण पोरीला वापस न्या."

हुंड्याविरुद्ध गाणं लिहिलेल्या माणसापुढे सासरा हात जोडून विचारत होता, काय कमी पडलं. मला भूमीने पोटात घ्यावं असं वाटलं. आणि त्या अवस्थेत मी जे बोललो ते असं: "मोठी नको. फक्त अर्धी रिकामी असली की झालं."

माणिकरावांनी भावाकडे पाहिलं.

दूर कुठेतरी भोंगा सुरू झाला. मेळाव्याला सुरुवात झाली होती. स्वागतगीत चाललं होतं. हार्मोनियमवर.

मी उठलो. "थांबा. दाखवतोच."

रेडिओचा सांगाडा पिशवीतून काढला, बत्तीच्या बोर्डाला वायर लावली, स्पीकर घंगाळात ठेवला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो. (फार अवघड वेळ असतो तो.) मग जीव तोडून वाजवलं. पहिलं कडवं घंगाळात, दुसरं हंड्यात, तिसरं कोठीत. 'पेटून उठ रे तरुणा' गायलोही. खरं सांगतो, असं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. कोठी अशी गरजली की ओसरीवरच्या फडताळातली कपबशी चालत कडेपर्यंत आली. गोठ्यात म्हशीने दावं तोडलं. बन्सीधररावांनी पटका कानांवर ओढून घेतला, पण हलले नाहीत. कोणीच हललं नाही. शेवटचा सूर मी पुरता विरू दिला.

बन्सीधरराव, घाबरलेल्या गुराशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "हे कवापसून हाय, बापू?"

"वर्ष होत आलं."

"लग्नाच्या आदी का नंतर?"

"गिटार आधी. घंगाळ नंतर."

"झोप येती का?"

"येते की!"

त्यांनी मान हलवली आणि भावाकडे वळले. "माणिकराव, आपला फैसला चुकला. पोरीला ठिवून घ्या."

"अहो, पण गैरसमज दूर झाला ना!" मी ओरडलो.

"झाला ना. म्हणूनच म्हणायलो."

घटकेपूर्वी मुलीला परत न्या म्हणून हात जोडणारे माणिकराव आता तिला पाठवायला तयार नव्हते. मी नुसता उभा होतो, गळ्यात गिटार. तेवढ्यात सुमन तोंड धुऊन बाहेर आली.

"मी जाते यांच्यासंगं, बाबा."

मी गळ्यातली गिटार पाठीला लावली.

"आन् भांडी?" माणिकरावांनी विचारलं.

"भांडी राहू द्या इथंच," ती म्हणाली.

माणिकरावांचा जीव भांड्यात पडला म्हणावं तर भांडीही त्यांच्याच ओसरीवर होती. ते बाजारात गेले आणि एक निळी बादली, एक घागर आणि झाकणाचा मोठा डबा घेऊन आले. सगळं प्लॅस्टिकचं. "हलकी हायत, चेपत न्हाईत," ते मला म्हणाले. मग जवळ येऊन, अगदी मायेने, "आन् आवाज येत न्हाई."

परतीच्या बसमध्ये सुमनला मळमळायला लागायच्या आत मी म्हटलं, "लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं. एकही जण उठला नाही."

"दाराला अडसर होता, अहो."

"तरी ऐकलं ना?"

तिने जरा विचार केला. ती न्यायाची बाई आहे. "ऐकलं," ती म्हणाली.

त्यामुळे ठरल्याप्रमाणे गिटार माळ्यावर गेली नाही. घरी पोचल्यावर, दादा येण्याआधी, मी स्पीकर एकदा निळ्या बादलीत ठेवून पाहिला.

माझे सासरे खोटं बोलणारे गृहस्थ नाहीत.