माळटेकडी लडाखला येते

आमच्या गावाबाहेरच्या माळटेकडीने लडाखला यायचं ठरवलं, तेव्हा सहलीच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

हे तिने आम्हाला भर बैठकीत सांगितलं. बैठक तिच्यावरच चालली होती. आम्ही तासखेडची सकाळी फिरायला जाणारी मंडळी. टेकडी चढायची, माथ्यावर नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचं, रऊफभाई मुजावरांच्या बेकरीतली खारी खायची आणि उतरायचं, असा आमचा नेम. त्या वर्षी मात्र उतरायला उशीर व्हायचा, कारण दिनकरराव शितोळ्यांनी सहल मनावर घेतली होती. शितोळ्यांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. तिथे त्यांनी तीन कॅम्पिंग ट्रेलर तयार केले होते. म्हणजे जीपच्या मागे जोडायच्या चाकांवरच्या खोल्या. आत झोपायला बाक, एक शेगडी, आणि उभं राहिलं की डोक्याला लागेल असा दिवा. हे ट्रेलर घेऊन थेट उत्तरेच्या टोकाला, लडाखच्या नुब्रा खोऱ्यापर्यंत जायचं, असा बेत होता.

पंजाबात मुक्काम कुठे करायचा हे शितोळे समजावून सांगत असताना खालून आवाज आला, "मी बी येते."

"मधे बोलू नका," शितोळे म्हणाले. "शंका शेवटी घेतल्या जातील."

शेवटी त्यांनी शंका विचारल्या.

"मी बी येते लडाखला," माळटेकडी म्हणाली. "उन्हाळाभर तुमचं ऐकतीया. बर्फ म्हंजी काय ते एकदा बघायचं हाय."

मी गटाची चिटणीस असल्यामुळे शितोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काळसेकर बाई, नाव द्यायची मुदत संपली ना?"

"संपली," मी म्हणाले.

"मला कुनी इचारलंच कुठं?" टेकडी म्हणाली.

हे खरं होतं. सहलीची सूचना मी तिच्या पाठीवर उभी राहून मोठ्याने वाचली होती, पण तिला उद्देशून वाचली नव्हती. तसं मी सांगताच शितोळ्यांनी वेगळा मुद्दा काढला. साठीच्या पुढच्या सदस्यांना डॉक्टरांचा दाखला लागेल, कारण उंचावर श्वास लागतो.

"मी जलमल्यापास्नं उंचावरच हाय," टेकडी म्हणाली.

मी हायस्कुलात भूगोल शिकवते. म्हणून मी बैठकीला सांगितलं की आपल्या सह्याद्रीचा दगड हिमालय उभा राहण्याच्या आधीचा आहे. आपण ज्यांना बघायला निघालोय त्यांच्यापेक्षा माळटेकडी वयाने मोठी आहे.

"मग त्यांनी यावं हिच्याकडे," शितोळे म्हणाले आणि त्यांनी बैठक संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शितोळ्यांबरोबर त्यांची बायको मालनताईही टेकडी चढून आल्या. त्यांना आम्ही सकाळी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराने घाम पुसला, टाकीला टेकून बसल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "माळाई येणार नसेल तर मीही येणार नाही."

"माळाई कोण?" शितोळ्यांनी विचारलं.

"ही." मालनताईंनी जमिनीवर हात ठेवला. "दुपारची भांडी झाली की मी येऊन बसते हिच्याजवळ."

"तुझी न् हिची ओळख कधीपासूनची?"

"लग्नानंतरची."

शितोळ्यांनी खाली पाहून टेकडीला विचारलं, "मी रोज सकाळी चढून येतो. माझ्याशी कधी बोलला नाहीत तुम्ही?"

"तू गप कधी बसलास?" टेकडी म्हणाली.

"आणि ही काय सांगते तुम्हाला?"

"ते तिला इचार की. तुझीच बायकू हाय."

शितोळ्यांनी ते विचारलं नाही. ते खाली उतरले. खारी न खाता उतरायची त्यांची ती पहिलीच वेळ. रऊफभाई माझ्या शेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "बाई, पहिल्या ट्रेलरची खिडकी त्यांनी दोनदा कापून मोठी केलीय. वहिनींना बाहेरचं नीट दिसावं म्हणून. वर्कशॉपमधल्या पोरांना ताकीद दिलीय, घरी बोलायचं नाही." मालनताई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या, पण त्या टेकडीकडे बघत होत्या. त्यांना हे ऐकू गेलं नाही.

मग मंडळींचे दोन तट पडले. काहींचं म्हणणं असं की टेकडी आपली आहे, तिला सोडून जाणं बरं दिसत नाही. काही म्हणाले, आज टेकडी नेली तर उद्या ओढा म्हणेल मीही येतो. ओढ्याला विचारून घेतलं. तो म्हणाला की त्याला गुडघ्याचा त्रास आहे, तो कुठे येणार नाही. तरीही वाद मिटला नाही. अखेर शितोळ्यांनीच तोडगा काढला. तीन ट्रेलर, तीन जीप. एका जीपला टेकडी जोडून बघायची. ओढली गेली तर येईल, नाही तर विषय बंद.

पायथ्याच्या मोठ्या धोंड्याला त्यांनी साखळी बांधली. जीप स्वतः चालवली. जीपची पुढची चाकं वर उठली, धूर निघाला, आणि टेकडी जागची हलली नाही.

"वढ, वढ," ती म्हणाली. "मी अंग सैल सोडलंय."

साखळी तुटली. शितोळे खाली उतरले आणि तुटलेलं टोक हातात घेऊन उभे राहिले. विषय बंद झाला असं ते म्हणू शकले असते. पण मालनताई पलीकडे उभ्या होत्या. शितोळ्यांनी साखळी गोळा केली. "जाड साखळी आणतो," ते म्हणाले.

"शितोळेसाहेब," रऊफभाई म्हणाले, "आपण त्यांना न्यायचं म्हणतोय ना, तिथंच अडतंय. त्यांनी आपल्याला नेलं तर?"

सगळ्यांनी टेकडीकडे पाहिलं.

"तुम्हाला चालता येतं?" शितोळ्यांनी टेकडीला विचारलं.

"आजवर कुनी चाल म्हनलंच न्हाई," टेकडी म्हणाली, आणि तिने एक पाऊल टाकून दाखवलं. पायथ्याची बाभळ एकदम आमच्या डावीकडून उजवीकडे गेली.

तेव्हापासून बेत बदलला. ट्रेलर टेकडीवर चढवायचे, टेकडीने चालायचं. डिझेल वाचत होतं, पंक्चरची काळजी नव्हती. फक्त नगरपालिकेची परवानगी लागणार होती, कारण गावाचं पाणी टेकडीवरच्या टाकीतून येतं. मुख्याधिकारी देशभ्रतार मॅडम नागपूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी आमचं म्हणणं शांतपणे ऐकलं.

"टेकडी रजेवर जायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "या आधी तिने रजा घेतलीय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग भरपूर शिल्लक असेल. पण बदली टेकडी द्यावी लागेल. टाकी जमिनीवर ठेवून मी गावाला पाणी कसं देऊ?"

शेजारच्या वडगावला एक लहान टेकडी आहे. तिच्यावर काही नाही, एक बोरीचं झाड सोडलं तर. तिला विचारलं तेव्हा ती लगेच तयार झाली. तासखेड बघायचं तिच्या मनात बरेच दिवस होतं. ती बुधवारी सकाळी बांधाबांधाने आली, कोणाच्या उभ्या ज्वारीत पाय पडू दिला नाही. टाकी तिच्यावर बसवली आणि नळ सोडले, तर दुसऱ्या मजल्यावर पाणी चढेना. तिची उंची कमी पडत होती. मॅडम जागेवर आल्या, त्यांनी पाहणी केली आणि म्हणाल्या, "जरा टाचा उचला."

वडगावच्या टेकडीने टाचा उचलल्या. दुसऱ्या मजल्यावर पाणी आलं.

माळटेकडीवर मोबाइलचा टॉवरही होता. तो काढून बसवायला कंपनीचा माणूस वेळेत येईना, म्हणून टॉवर आमच्याबरोबर यायचं ठरलं. गावाला महिनाभर रेंज मिळणार नव्हती. बदली टेकडीवर उभं राहून ओरडलं तर बाजारपेठेपर्यंत ऐकू जातं, हे मॅडमनी आधी तपासून घेतलं आणि मगच सही केली.

सगळं जमून आलं. शितोळ्यांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला. कोणी केव्हा गाडी चालवायची हे त्यांनी आखलं होतं, घाटात कोणत्या गिअरला जायचं ते तोंडपाठ केलं होतं, सुटे भाग पिशव्यांत भरून ठेवले होते. आता चालवायला काही उरलं नव्हतं. एकदा मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले तर ते ट्रेलरच्या त्या मोठ्या खिडकीची काच पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

"बाई," ते म्हणाले, "मी येऊन काय करणार? टेकडीला रस्ता माहीत नसला तर तेवढं विचारायला कोणी हवं, एवढंच. ते तुम्हीही कराल. भूगोल तुमचा."

मी म्हणाले, "हे मालनताईंना सांगा."

"तिला सांगून काय? ती जाईल तिच्या माळाईबरोबर."

निघायच्या सकाळी टेकडी खाली बसली. त्यामुळे ट्रेलर आणि एक जीप सहज वर चढवता आली. सामान झालं, खारीचे डबे झाले, माणसं मोजून झाली. शितोळे पायथ्याशी रस्त्यावरच उभे होते. पिशवी त्यांच्या हातात होती, पण पाय उचलत नव्हता.

"शितोळ्या," टेकडी म्हणाली, "मला वळनं कळत न्हाईत. नाकासमोर बघायची सवय हाय मला. कुनीतरी हाकायला पायजे."

शितोळे वर आले. ते जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसले. जीप बंद होती, तिला ब्रेक लावलेला होता आणि चाकांखाली दगड होते. मालनताई ट्रेलरमधून उतरून शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. टेकडी उठली आणि उत्तरेला निघाली.

वळण आलं की शितोळे स्टिअरिंग फिरवायचे, आणि टेकडी वळायची. रस्ताही तिकडेच वळत असल्यामुळे कोण कोणामुळे वळतंय यावर कोणी चर्चा केली नाही. टोलनाक्यावर चाकं किती आहेत असं विचारलं. आहेत ती रस्त्याला लागत नाहीत, असं आम्ही सांगितलं. नाक्यावरच्या मुलाने वाकून पाहिलं आणि दांडा वर केला. नर्मदेच्या पुलावर अवजड वाहनांना मनाई होती. टेकडी पाटी वाचून पाण्यातून गेली आणि पलीकडे थोडा वेळ पाय वाळवत बसली. रस्त्यातल्या ढाब्यांवरची माणसं आमच्याकडे मोबाइलची रेंज घ्यायला यायची. टेकडी कोणाला नाही म्हणायची नाही.

हिमाचलात पहिले मोठे डोंगर दिसले तेव्हा ती थांबली.

"केवढी वाढलीत पोरं," ती म्हणाली. "खात्यात काय ही?"

डोंगर उभेच होते. वडीलधारं माणूस आलं की उभं राहायचं असतं, त्यामुळे त्यांच्याकडून रीतीत काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

बर्फ खिंडीत पडला, भर दुपारी. आधी टॉवरवर, मग ट्रेलरच्या टपांवर, मग गवतावर. टेकडी चालायची थांबली. बऱ्याच वेळाने जीपची काच खाली झाली आणि शितोळ्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "कसं वाटतंय?"

दिनकरराव शितोळ्यांनी कोणाला हा प्रश्न विचारल्याचं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं. मालनताईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"गुदगुल्या होत्यात," टेकडी म्हणाली.

नुब्रा खोऱ्यात आम्ही श्योक नदीच्या काठी मुक्काम केला. म्हणजे टेकडी काठावर बसली आणि आम्ही तिच्यावर खुर्च्या मांडल्या. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. शितोळे आणि मालनताई खाली उतरून नदीकाठच्या एका सपाट दगडावर जाऊन बसले. वारा आमच्या बाजूला होता, त्यामुळे त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. आम्ही ऐकत होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. रऊफभाईंनी तर स्टोव्ह बारीक केला.

"एक विचारू?" शितोळे म्हणाले. "इतकी वर्षं तू हिला काय सांगायचीस?"

"काही विशेष नाही. आज भाजी काय केली. वरच्या आळीत कोणाला खोकला झालाय. तुमचं जेवण कमी झालंय."

"एवढंच?"

"एवढंच. पण ती ऐकायची. आणि मग उद्याचं विचारायची."

शितोळे नदीकडे बघत राहिले. त्यांनी एक खडा उचलला, पाण्यात टाकला नाही, हातातच धरला.

"आज भाजी काय केलीस?" त्यांनी विचारलं.

"आज रऊफभाईंनी केली," मालनताई म्हणाल्या. "मी काय सांगू?"

"मग दुसरं काहीतरी सांग."

मालनताई हसल्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या खाली जमीन हलली. माळटेकडी अलगद उठली, जागच्या जागी वळली, आणि त्या दोघांकडे पाठ करून पुन्हा बसली. आता आमच्यासमोर नदी नव्हती. एक उंच पांढरा डोंगर होता, आणि ऐकू येत होता तो फक्त वारा.

पुढचं आम्हाला कळलं नाही. रऊफभाईंनी स्टोव्ह मोठा केला. आम्ही खुर्च्या नीट लावून घेतल्या आणि डोंगर बघत बसलो.