तासगावकरांची दोन बोटं

हुबळीच्या दाजीबानपेठेत श्रीकांत तासगावकरांनी एकदा हातात घेतलेलं काम फसत नाही! हे पेठेचं मत नव्हे, श्रीकांतअण्णांचं स्वतःचं. पेठेला मत विचारण्याची वेळ त्यांनी कधी येऊच दिली नव्हती.

दुकान कापडाचं, तीन पिढ्यांचं. आजोबा तासगावाहून आले आणि येताना एक रिवाज घेऊन आले. कापड चोख मोजायचं, आणि वर दोन बोटं जास्त सोडून मगच कात्री लावायची. त्या दोन बोटांचे पैसे घ्यायचे नाहीत! कापड आटतं, शिंप्याचा हात चुकतो, गिऱ्हाईकाचं पोट सुटतं. दोन बोटं सगळं सांभाळून घेतात. अण्णा हा रिवाज दुकानाबाहेरही पाळत. ताटात तूप दोन बोटं जास्त, गप्पांत फुशारकी दोन बोटं जास्त, आणि विजारीची कंबर तर दर दिवाळीला दोन बोटं जास्त!

अशा माणसानं गाडीच्या टायरांना हात घातला.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. एकोणीसशे बहात्तर सालची, लाल, विलायती स्पोर्ट्स कार! सीटा दोनच, छप्पर उघडं, आणि इतकी बसकी की आत शिरायला देवळात वाकतात तसं वाकावं लागे. अण्णा दहा वर्षांचे असताना अशीच एक गाडी दुकानासमोर थांबली होती. आतल्या साहेबानं अर्धा मीटर मलमल घेतली आणि तो भुर्रकन निघून गेला. अण्णांच्या डोळ्यांसमोरून मात्र ती गाडी गेली नाही ती गेलीच नाही. पुढे पन्नाशी उलटल्यावर गोव्याच्या एका म्हाताऱ्याकडे तिची बहीण मिळाली. त्यांनी ती आणली, गोदामात उभी केली आणि दुकानातली सगळ्यात भारी चादर तिच्यावर पांघरली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

अण्णांच्या पत्नीला, मंगलाबाईंना, त्या चादरीचं फार वाईट वाटे. दुकानाची व्हॅन त्याच चालवत. आठवड्यातून तीनदा माल आणायचा आणि गोदामात उतरवायचा, तर मधे ही महाराणी आडवी!

"अहो, नागपंचमीला मी माहेरी जाणार," एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं. "ह्या गाडीतनं मला धारवाडला, केलगेरीला पोचवा. ही माझ्या माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली तर आयुष्यभर ठेवा, मी ब्र काढणार नाही. नाही पोचली, तर दुसऱ्या दिवशी विका!"

"मंजूर!" अण्णा म्हणाले. "आणि त्या किरणला फोन करून सांग, यंदा बहिणीला न्यायला यायचं नाही म्हणून. मी वाजतगाजत आणतो!"

किरण म्हणजे मेहुणा. दर सणाला न चुकता विचारायचा, "दाजी, भंगारवाला बघू काय?" अण्णांच्या घशात ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकलेलं होतं.

इंजिन ठीक होतं. टायर तेवढे चिरलेले होते. अण्णा टायरवाल्या शंकरकडे गेले.

"अण्णा, ह्या गाडीला एकशे पंचावन्न लागतंय," शंकर म्हणाला.

"एकशे पंचावन्न काय?"

"मिलिमीटर. टायरची रुंदी."

"म्हणजे पन्हा!" अण्णांचा चेहरा उजळला. पन्ह्याच्या बाबतीत त्यांना कोण शिकवणार? "ह्याच्याहून मोठ्या पन्ह्याचं दाखव."

"ह्या रिमला फार तर एकशे पंचाहत्तर. त्याच्यावर गेलासा तर मडगार्डला घासतंय बघा."

अण्णांनी त्या जुन्या टायरवर हात फिरवला. त्याच्या कडेला आपली दोन बोटं जोडून धरली, खिशातला टेप काढून मोजलं. चाळीस मिलिमीटर. "एकशे पंच्याण्णव दे!"

"अण्णा, घासतंय म्हणून सांगायलोय की!"

"शंकर, तीन पिढ्या आम्ही माप मोजतोय. कमी पडल्याची तक्रार येते, जास्त झाल्याची एक तरी आल्याली ऐकलीस काय? आणि चार दिवस वापरलं की रबरसुद्धा जरा आटतंय!"

रबर आटत नाही, हे शंकरला माहीत होतं. पण तासगावकरांना कोण सांगणार? त्यानं गुपचूप चारी टायर चढवले.

ट्रायल घ्यायला मेकॅनिक राजू आला. राजूचं वजन एका ओल्या चादरीएवढं! त्यानं पेठेला दोन फेऱ्या मारल्या आणि येऊन सांगितलं, "अण्णा, लोण्यासारखी चालायलीय!" झालं! अण्णांनी संध्याकाळपर्यंत साऱ्या पेठेला बोलावून टायर दाखवले. "बघा, गाडीला कसा भारदस्तपणा आला!" खरंच आला होता. बाजूनं पाहिलं तर पहिलवानानं दंड फुगवल्यासारखी दिसत होती.

पंचमीच्या सकाळी आभाळ कोरडं होतं. मंगलाबाई नवी इरकली नेसून बाजूला बसल्या. मांडीवर तंबिटाच्या लाडवांचा डबा, पायाशी भावजयीच्या साडीचा गठ्ठा. साऱ्या पेठेसमोर अण्णा वाकले, घुसले आणि बसले. अण्णांबरोबर गाडीही बसली!

पहिल्याच वळणावर आवाज आला. खर्रर्र!

"हे काय वाजलं हो?"

"पकड! नवीन टायर रस्ता पकडतंय!"

पहिल्या स्पीडब्रेकरवर पुन्हा, खर्रर्र! दुसऱ्यावर खर्रर्र-खट्! धारवाडच्या रस्त्याला लागल्यावर तर गाडी अखंड गुरगुरू लागली. लोक वळून बघत होते. अण्णा हसून हात हलवत होते.

"अहो, काहीतरी जळायलंय."

"कुणीतरी कचरा पेटवलाय."

"रायापूरपासनं तोच कचरा आपल्याबरोबर येतोय?"

नवलूरला मात्र अण्णांच्याच बाजूच्या चाकातून पांढरा धूर निघाला. गाडी सरस्वतीअक्कांच्या चहाच्या टपरीसमोर थांबवावी लागली. अण्णांनी वाकून पाहिलं. मडगार्डनं टायरचा कडेचा भाग किसणीवर खोबरं किसावं तसा किसला होता.

"वजन जास्त झालं," अण्णांनी निदान केलं. "ती साडी काढ!"

साडीचा गठ्ठा टपरीवर गेला. अण्णा बसले, दहा फूट गेले. खर्रर्र! उतरले. लाडवांचा डबा गेला. बसले. खर्रर्र! उतरले. जॅक गेला, स्टेपनी गेली, पायाखालची मॅटसुद्धा गेली. खर्रर्र! चहा प्यायला थांबलेली माणसं आता कप हातात धरून रांगेनं उभी होती.

शेवटी मंगलाबाईच उतरल्या. "घ्या. आता बघा."

अण्णा एकटे बसले. खर्रर्र!

अण्णांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. उद्या किरण भंगारवाल्याला घेऊन येणार. ती लाल गाडी दुसऱ्यांदा आपल्यासमोरून निघून जाणार. इतक्या लोकांत त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

इतका वेळ सरस्वतीअक्का कमरेवर हात ठेवून सारं बघत होत्या. आता मात्र त्यांना राहवेना.

"यप्पा! केव्हाचं बघायलीय मी. तुम्ही बसलासा की गाडी बसतीय, तुम्ही उठलासा की गाडी उठतीय. लाडू कशाला उतरवायलायसा? सावकार्र, नीव इळीरी! तुम्हीच उतरा की!"

चहा पिणारी मंडळी खो-खो हसली. अण्णा उतरले. गाडी खरोखरच चार बोटं वर आली.

मंगलाबाईंनी पदर खोचला आणि त्या स्टिअरिंगमागे बसल्या. दहा फूट गेल्या. आवाज नाही! त्यांनी गाडी मागे आणली. साडी, डबा, जॅक, स्टेपनी, मॅट, सगळं परत आत घेतलं. तरी आवाज नाही!

"मी होते पुढं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चिगरीनं या."

चिगरी म्हणजे हुबळी-धारवाडची आपली वातानुकूलित बस. अण्णा खिडकीशी बसले. थोड्याच वेळात शेजारच्या रस्त्यावर लाल गाडी दिसली. मंगलाबाईंचा इरकली पदर वाऱ्यावर उडत होता, स्कूटरवाले वाट देत होते. काय दिसत होती गाडी! अण्णांचा ऊर भरून आला. त्यांनी शेजारच्या प्रवाशाला कोपरानं ढोसलं.

"ती बघा! ती गाडी आमची! टायर बघा, टायर! मी स्वतः निवडलेत!"

त्यानं गाडी पाहिली, मग अण्णांना पाहिलं. "मग तुम्ही बसमध्ये कसं काय?"

अण्णांनी पुढचा सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत केला.

धारवाडला उतरून रिक्षानं ते केलगेरीला पोचले तेव्हा मेहुण्याच्या दारात जत्रा भरली होती. गाडीचे फोटो निघत होते. किरण गुडघ्यांवर बसून टायरवरून हात फिरवत होता.

"दाजी, गाडी म्हणजे गाडीच आहे हो! भंगार म्हणत होतो, चुकलं माझं. काय टायर बसवलेत! इतके रुंद मी कुठं बघितले नाहीत."

ह्या वाक्यासाठी अण्णांनी तीन वर्षं काढली होती! पैज जिंकली, गाडी राहिली, मेहुणा नमला. आणखी काय पाहिजे? ते ऐटीत झोपाळ्यावर बसले, डब्यातला तंबिटाचा लाडू उचलला आणि खुशीत म्हणाले, "किरण, तासगावकरांचं माप आहे ते! दोन बोटं जास्त!"

"ते खरं," किरण म्हणाला. "पण दाजी, गाडी आमच्या अक्कानं आणली. तुम्ही रिक्षातनं का आलासा?"

अण्णांनी लाडू तोंडापर्यंत नेला होता. उत्तर मंगलाबाईंनी दिलं.

"दुकानाचा रिवाज आहे रे. गाडीत मावलं तेवढं माप मी घेऊन आले. वरची दोन बोटं मागनं आली!"

सारं घर हसलं. त्यात सगळ्यात मोठ्यांदा अण्णाच हसले. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी हातातला लाडू हळूच डब्यात परत ठेवला.