उरलेला एक टक्का

तराजूरावांनी (हे नाव आईबापांनी ठेवलेलं नाही, खिळे-स्क्रूच्या गोदामातल्या पोरांनी ठेवलेलं आहे) एका संध्याकाळी ठरवलं की आपल्या बँकेतल्या खात्याला नॉमिनी लावून टाकायचा. गोदामातला जुना ड्रायव्हर वारला, तेव्हा त्याच्या खात्याला नॉमिनी निघाली त्याची आई, आणि ती त्याच्याही आधी गेलेली. बिचारी बायको बँकेच्या पायऱ्या झिजवून अर्धी झाली. आपल्या माणसांवर ही पाळी यायला नको, एवढीच तराजूरावांची साधी, सरळ इच्छा. म्हणजे माणसाने चांगलं काही मनात आणूच नये की काय?

आता तराजूराव म्हणजे न्यायाचा पुतळा. गोदामात कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की हे पट्टी लावून कापायचे आणि वरची चेरी स्वतः खाऊन वाद मिटवायचे. तेव्हा बायको, मुलगा आणि मुलगी अशा तिघांना समसमान वाटा हे त्यांनी बँकेच्या दारात पाऊल टाकायच्या आधीच ठरवलं होतं. फॉर्मवर त्यांनी तिघांपुढे ठसठशीत आकड्यांत तेहतीस पूर्णांक तेहतीस लिहिलं आणि खिडकीतून आत सरकवलं.

खिडकीतल्या बाईंनी तो तसाच बाहेर सरकवला. पूर्णांकानंतरचं चालत नाही, आणि बेरीज शंभर झालीच पाहिजे, हा नियम. तराजूरावांचं डोकं फिरलं. शंभराला तीनने नीट भाग जात नाही हा काय त्यांचा गुन्हा? बाई म्हणाल्या, एकाला चौतीस द्या आणि मोकळे व्हा. (मोकळे व्हा म्हणे. बाईंचं लग्न झालेलं नसावं.)

त्यांनी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं की चौतीस बायकोला. बायकोने भाजीचं भांडं खाली ठेवलं. जन्मभर यांचं करून करून कंबर मोडली, आणि पोरांपेक्षा आपली किंमत जास्त ती फक्त एका टक्क्याने, असं तिचं म्हणणं पडलं. नकोच तो टक्का. भीक घातल्यासारखा.

मग तो मुलीला. ती धाकटी, म्हणून. त्यावर मुलगा म्हणाला, "पैशाचा प्रश्न नाही बाबा, तत्त्वाचा आहे." आजवर या घरात तत्त्व म्हणून त्याने ओला टॉवेलसुद्धा दोरीवर टाकलेला नव्हता. बरं, मग मुलाला द्यावा, तर मुलीने डोळ्यांत पाणी आणलं आणि मोठी खोली, नवी सायकल, खिडकीजवळची जागा असं जे जे दादाला मिळालं त्याची यादीच वाचली. तिची स्मरणशक्ती परीक्षेच्या वेळी कुठे असते, हे तराजूरावांनी विचारलं नाही. जिवावर बेतलं असतं.

माणूस अजून धडधाकट बसलाय, हातात पोळीचा तुकडा आहे, आणि ही माणसं त्याच्या मागे काय उरणार त्याच्यावरून भांडताहेत! बरं, भांडायचं तर भांडा, पण अख्ख्या पैशांवरून तरी भांडा. तेवढाही मान नाही.

अशा वेळी मेहुणा टपकणारच. तो विमा एजंट, त्यामुळे दुसऱ्याच्या मरणाबद्दल मोकळेपणाने बोलायची त्याला सवय. त्याने तोडगा काढला. तो एक टक्का एका ट्रस्टमध्ये टाकायचा. ट्रस्ट म्हणजे पैसे तिघांचे, सांभाळणारा चौथाच. चौथा कोण, तर तो स्वतः. सांभाळण्याची वर्षाची फी तेवढी द्यायची. तराजूरावांनी कागदावर मांडून पाहिलं, तर तिसऱ्या वर्षी टक्का संपत होता आणि मेहुण्याचं येणं उरत होतं. तो कागद त्यांनी बायकोपुढे सरकवला. तिच्या भावाबद्दल त्यांचं असलेलं मत तिलाही पटल्याचा तो संसारातला एकमेव दिवस, पण त्याचाही आनंद घेता आला नाही, कारण ती लगेच म्हणाली की चांगल्या माणसाला असल्या कामात ओढलंतच कशाला.

घरात अबोला सुरू झाला. तिघंही एकमेकांशी बोलेनात आणि तिघंही यांच्यावर मात्र एकजुटीने चिडलेले. ड्रायव्हरच्या बायकोला एकटीलाच हेलपाटे पडले, इथे तर आपण डोळे मिटले की तिघं तीन वाटांनी बँकेत जाणार आणि एकाच बाकावर पाठ फिरवून बसणार, हे तराजूरावांना दिसायला लागलं. ते मात्र त्यांना खरंच लागलं. सकाळी त्यांनी तिघांना उठवलं आणि म्हणाले, "चला बँकेत. तिथेच काय ते ठरवा. मी मध्ये बोलणार नाही."

चौघं खिडकीसमोर उभे राहिले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, चौतीस कुणाला? परक्या बाईसमोर हावरट कोण दिसणार? मुलगा म्हणाला, आईला द्या. आई म्हणाली, लेकीला द्या. मुलगी म्हणाली, दादाला द्या. मग तिघांना एकदम गहिवरून आलं, तिथेच सगळ्यांनी एकमेकांना जवळ घेतलं आणि ठरलं की कुणालाच जास्त नको, तेहतीस-तेहतीस-तेहतीस. तराजूराव एका बाजूला उभे राहून नाक पुसत होते. (त्यांना जवळ घ्यायचं राहून गेलं.)

"नव्याण्णव झाले," बाई म्हणाल्या. "उरलेला एक?"

मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी बायको पुढे झाली.

"यांचंच नाव घाला."

तराजूरावांना भरून आलं. ते हलकेच म्हणाले, "अगं, पण हे सगळं मी गेल्यानंतरचं चाललंय."

"माहितीये मला," ती म्हणाली. "जिवंतपणी तुमचं या घरात एक टक्का तरी चालतं का? मेल्यावर तरी चालू दे."