तिसऱ्या खांबाची रेंज

"कंपनी बदलायची म्हणजे काय डोंगर उचलायचाय? जुनं कार्ड काढायचं, नवं घालायचं, मिटलं! लोक उगाच बाऊ करतात!"

फालानिकोने हे जाहीर केलं ते भर बसमध्ये. शनिवारची दुपार, आणि बंदरावरच्या बाजारातून गावी निघालेली आमची लाकडी बस. माणसांच्या मांडीवर माणसं, त्यांच्या मांडीवर अळकुड्यांची पोती! सावाई बेटावर बातमी पसरवायला याहून चांगली जागा नाही. फालानिको तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याने फोनमधलं जुनं सिमकार्ड नखाने उपसलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, "पंधरा वर्षांची गुलामी संपली!" म्हणाला आणि खिडकीतून थेट समुद्रात भिरकावलं.

बसने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आता टाळ्या पडल्यावर माणूस मागे फिरतो होय?

तसं त्याला कारणही होतं म्हणा. आमच्याकडे फोनच्या दोन कंपन्या. एकीचा मनोरा डोंगरावर, म्हणून ती डोंगरवाली. दुसरीचा बंदरावर, म्हणून ती बंदरवाली. फालानिको डोंगरवालीचं जुनं गिऱ्हाईक. गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीचा, मारेताचा, ऑकलंडहून फोन आला. "बाबा, अभिनंदन! तुम्हाला..." एवढं ऐकू आलं आणि फोन बंद! काय झालं, हे कळायला बिचाऱ्याला दुसरा दिवस उजाडला. नात झाली होती! पहिलीच!

आणि नातीचं नाव ठेवायचा मान फालानिकोचा होता. मारेताने तसं बजावून सांगितलं होतं. "बाबा, रविवारी संध्याकाळी बरोबर सहाला फोन करते. तेव्हा नाव सांगा. सोमवारी सकाळी नोंद करायचीय. तुमचं नाव मिळालं नाही, तर सासूबाई त्यांच्या आत्याचं ठेवणार."

विहीणबाईंच्या आत्याचं नाव एलिसापेता. फालानिकोला ते मुळीच पसंत नव्हतं. त्याला नातीचं नाव ठेवायचं होतं लागिमालिए, त्याच्या आईचं. आई जाऊन वीस वर्षं झाली, पण अजून तो उठता-बसता तिच्याच आठवणी काढायचा. तेव्हा या फोनमध्ये घोटाळा होऊन चालणार नव्हतं. बंदरवालीच्या दुकानातल्या मुलीने तर छातीठोक सांगितलं, "काका, आवाज असा येईल, की पलीकडचा माणूस श्वास घेतो तोही ऐकू येईल!" दुकानात रेंजच्या काड्या भरगच्च. तिथूनच त्याने जुन्या कार्डावरून मारेताला नवा नंबर कळवून टाकला. कामात कसा चोख माणूस!

घरी आला, नवं कार्ड घालून फोन उघडला. एकही काडी नाही.

फालानिकोने फोन झटकला, फुंकर मारली, उलटा धरला. अंगणात गेला, पाण्याच्या टाकीवर चढला. हात वर करून चर्चला प्रदक्षिणा घातली. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने विचारलं, "काय काका, पाऊस येणार का?"

त्याची बायको एसेता अंगणात नीरफणस भाजत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, बंदरवाली घेतलीत का?"

"तुला कसं कळलं?"

"मधे टेकडी आहे ना. बंदरवालीची रेंज अख्ख्या गावात एकाच ठिकाणी येते. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"मग सांग की आता! कुठे येते?"

एसेताने शांतपणे नीरफणस पालटला. "पेसामिनोकडे. पुढच्या अंगाच्या तिसऱ्या खांबाशी."

फालानिको मटकन खाली बसला. पेसामिनो! सात वर्षांपूर्वी गावच्या क्रिकेट सामन्यात फालानिको एकोणपन्नासावर खेळत होता. चेंडू आधी नारळाच्या झाडाला लागला आणि मग झेलला गेला, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण पंच होता पेसामिनो, आणि पेसामिनोने त्याला बाद दिलं! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रस्त्याच्या या बाजूला याचं घर, त्या बाजूला त्याचं. सात वर्षं दोघं समोरासमोर बसून एकमेकांकडे न बघण्याचं काम इमानेइतबारे करत होते.

"त्यापेक्षा माझ्या बहिणीच्या फोनवरून मारेताला लावा," एसेता म्हणाली.

"लाव ना. नंबर काय आहे?"

"तुम्हालाच ठाऊक! तुमच्या कार्डात होता ना?"

कार्ड समुद्रात होतं.

रविवार उजाडला. चर्च झालं, जेवण झालं, फालानिकोला घास गोड लागला नाही. पावणेसहाला तो उठला, स्वच्छ लुंगी नेसला आणि गुपचूप पेसामिनोच्या कुंपणाच्या जास्वंदीत जाऊन उभा राहिला. घरात पाऊल टाकायचं नाही, नुसती कडेकडेने रेंज चोरायची, असा बेत! फोन पानांतून आत सरकवला. एक काडी आली! गेली. पुन्हा आली!

तेवढ्यात शंख वाजला.

आमच्या गावात शंख वाजला की सा. सा म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. सगळ्यांनी घरात बसायचं, रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. गावचे तगडे गडी कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहतात, आणि सापडला त्याला गावपंचांकडून दंड म्हणून एक धष्टपुष्ट डुक्कर! फालानिकोकडे एकच डुक्कर होतं, आणि तेही एसेताच्या माहेरचं.

"जास्वंदीत कोण आहे रे?" घरातून पेसामिनोचा आवाज आला. आमची घरं म्हणजे नुसते खांब आणि वर छप्पर, भिंतच नाही. लपणार कुठे? "डुक्कर असेल तर हाकला. माणूस असेल तर आत ये म्हणावं, सा झालीय!"

फालानिको पानं झटकत बाहेर आला. "मी... मी आपला सहज..."

सात वर्षांतले पहिले शब्द!

"सहज?" पेसामिनो म्हणाला. "जास्वंदीत?"

पण दारात आलेल्याला माघारी धाडायची रीत आमच्यात नाही, मग तो वैरी का असेना. पेसामिनोने पलीकडच्या टोकाची पाहुण्यांची चटई दाखवली. "बस."

"मी इथे बसलो तर चालेल?" फालानिकोने तिसऱ्या खांबाकडे बोट केलं.

घरातल्या चौदाच्या चौदा माणसांचा श्वास अडकला. तो घरधन्याचा खांब! पाहुण्याने येऊन यजमानाच्या ताटात हात घालावा, तशातला प्रकार! पेसामिनोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या फोनकडे.

"बंदरवाली घेतलीस?"

"...हो."

हसू दाबताना पेसामिनोचं पोट बराच वेळ हलत होतं. मग त्याने हात पुढे केला. "आण तो इकडे." तिसऱ्या खांबाला नारळाची एक करवंटी बांधलेली होती. फोन त्यात ठेवला. लगेच तीन काड्या! "तू तुझ्या जागी बस. आणि पाहुणा आहेस, तेव्हा प्रार्थना तूच सांग."

हा मान होता की सूड, ते देवालाच ठाऊक.

फालानिकोने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आयुष्यात केली नसेल इतक्या भरभर! पाऊस, मासे, नारळ, आजारी माणसं, सगळं एका दमात. "आणि हे परमेश्वरा, या घरातल्या..." एवढ्यात करवंटी खणखणली.

प्रार्थना मधे तोडायची नाही, हा आमचा नियम. पायावर घोण चढली तरी लोक आमेनपर्यंत हललेले नाहीत. पेसामिनोने मिटल्या डोळ्यांनी फोन गप्प करायला हात घातला, पण त्याच्या जाड बोटाने भलतंच बटण दाबलं.

"बाबा!" अख्ख्या घरात आवाज घुमला. "लवकर नाव सांगा! सासूबाई पेन घेऊन बसल्यात!"

फालानिकोला दरदरून घाम फुटला. थांबावं तर देवाचा अपमान, न थांबावं तर आईचं नाव बुडालं! आणि मग त्याला सुचलं. तो डोळे घट्ट मिटून ओरडला, "आणि हे परमेश्वरा, ऑकलंडला आमची जी नात जन्मली आहे, जिचं नाव लागिमालिए आहे, लागिमालिए, तुझ्याकडे असलेल्या तिच्या पणजीचं नाव, तिला आशीर्वाद दे!"

पलीकडे मारेता कुजबुजली, "सासूबाई, प्रार्थना चाललीय." खुर्च्या सरकल्या. सगळे खाली बसले. आणि दुकानातल्या मुलीने खोटं सांगितलं नव्हतं. आवाज इतका स्वच्छ, की टेबलावर पेन ठेवल्याचंही ऐकू आलं!

पेन खाली ठेवलं? म्हणजे लिहिलंच नाही!

"परमेश्वरा, लागिमालिए!" फालानिको पुन्हा म्हणाला. "तिला खोकला न होवो, परमेश्वरा, लागिमालिएला! तिला दात वेळेवर येवोत! लागिमालिएला! आमेन!"

"आमेन," फोनमधून विहीणबाईंचा जाडजूड आवाज आला. "आता आमच्या घरातर्फे दोन शब्द."

दोन शब्द म्हणणाऱ्याने दोन शब्दांत आटोपलंय, असं तुम्ही कधी पाहिलंय? विहीणबाई सुरू झाल्या. "हे प्रभो, आमची लाडकी एलिसापेता तुझ्या पायाशी आली आहे. एलिसापेतेला बुद्धी दे. एलिसापेतेसाठी मघाशी जे कुणी बोलले, त्यांना थोडक्यात बोलायची बुद्धी दे. एलिसापेता, प्रभो..."

आता मधे कोण बोलणार? विहीणबाई देवाशी बोलत होत्या! फालानिको चटईवर बसल्या जागी विरघळत चालला. आईचं नाव डोळ्यांदेखत, म्हणजे मिटल्या डोळ्यांदेखत, हातचं जात होतं. त्याने हळूच एक डोळा उघडला. समोर पेसामिनोचाही एक डोळा उघडा होता. तो डोळा फालानिकोच्या रडवेल्या तोंडाकडे बघत होता.

मग विहीणबाई श्वास घ्यायला थांबल्या. तेवढा एकच श्वास! पेसामिनोने खर्जात गाणं उचललं. देवाचंच गाणं, त्यामुळे विहीणबाईंची काय बिशाद! घरातली चौदा माणसं त्यात मिसळली. शेजारच्या घरातून सूर आला, मग पलीकडच्या. भिंतीच नाहीत, सगळे प्रार्थनेलाच बसलेले! रस्त्यापलीकडून एसेताचाही आवाज आला. दोन मिनिटांत अख्खं गाव चार सुरांत गात होतं, आणि एलिसापेता कुठल्या कुठे बुडाली.

गाणं संपलं. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मारेता," विहीणबाई म्हणाल्या, "तो खर्जातला आवाज... ते तुझे बाबा का गं? काय आवाज! काय भक्ती! असा माणूस नाव देतोय, तर मी कोण मोडता घालणार? त्यांना म्हणावं, तुमच्या तोंडून एकदा सांगा. लगेच लिहिते. आणि ते आधी भरभर बडबडत होते, ते म्हातारे कोण?"

मारेता म्हणाली, "ते... ते शेजारचे, सासूबाई."

पोटची पोर! फालानिकोने तोंड उघडलं, पण मारेता घाईघाईने म्हणाली, "बाबा, नाव सांगा. तुमच्या त्या आवाजात सांगा हं. मघाच्या!"

फालानिकोने तोंड मिटलं आणि पेसामिनोकडे पाहिलं. अख्खं घर पेसामिनोकडे बघत होतं. सात वर्षांचा वैरी. तोंडाला येईल ते नाव सांगू शकत होता. स्वतःच्या आईचं सांगितलं असतं तरी कोण अडवणार होतं?

पेसामिनोने करवंटीतून फोन काढला. घसा खाकरला.

"लागिमालिए," तो म्हणाला. "माझ्या आईचं नाव. शाळेतून येणाऱ्या प्रत्येक पोराला ती हाक मारून खायला घालायची, मग पोर कुणाचंही असो. फार मायेची बाई होती."

आणि फालानिको रडला. अगदी हुंदके देऊन रडला, कारण शब्दन् शब्द खरा होता. त्या पोरांत पेसामिनो सगळ्यात पुढे असायचा. पलीकडे पेन कागदावर चाललेलं स्वच्छ ऐकू आलं.

प्रार्थना झाल्यावर पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. नारळाच्या दुधातली अळूची पानं होती. फालानिकोने तीनदा घेतली.

आता दर रविवारी सहाला विहीणबाईंचा फोन येतो, आजोबांशी बोलायला. पेसामिनो तिसऱ्या खांबाला टेकून ऐटीत बोलतो, गुडघेदुखी सांगतो, नातीला काय भरवावं ते सांगतो. फालानिको पाहुण्यांच्या चटईवर बसून जेवतो, आणि शेवटी दोन मिनिटं त्याला फोन मिळतो, नातीचं रडणं ऐकायला. परत डोंगरवाली घ्यायची? बसमध्ये टाळ्या घेतलेल्या माणसाने?

मागच्या रविवारी विहीणबाईंनी जरा काळजीनेच विचारलं, "अहो, ते शेजारचे म्हातारे दर रविवारी तुमच्याकडेच जेवायला कसे? बिचाऱ्यांना घरचं कुणी नाही का?"

"आहेत ना, सगळी आहेत," पेसामिनो फालानिकोच्या ताटात अळूची पानं वाढत म्हणाला. "पण घरी रेंज नाही."