बापूकाका कपडे ओळखतात

आमच्या रत्नागिरीतले बापूकाका माणसाला ओळखत नाहीत, त्याच्या कपड्यांना ओळखतात. मध्यंतरी बाजारपेठेत ते समोरून आले, मी हात केला, तर परक्यासारखे निघून गेले. पुढे एका लग्नात मी माझा राखाडी कोट घालून गेलो, तेव्हा मात्र लांबून धावत आले. बाही चिमटीत धरून मायेने म्हणाले, "बरा आहेस ना? खांद्यात जरा उतरलायस." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं की चौकशी कोटाची चालली होती.

मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी अनू शिकायला म्हणून जर्मनीत गेली आणि तिथेच राहिली. तेव्हापासून दुकान आणि घर यांत बापूकाकांनी फारसा फरक ठेवलेला नाही.

दुपारी त्या दुकानात गेलं की डोळे जड होतात. आत मशीनचा ड्रम संथ फिरत असतो, वाफेची इस्त्री मधूनच उसासे टाकते, आणि समुद्रावरून वाऱ्याची झुळूक आली की टांगलेले सगळे कपडे एकदम हलतात. वकिलांचा काळा कोट शेजारच्या पैठणीच्या खांद्यावर डोकं टेकतो. इस्माईलभाई मस्कतहून सुट्टीवर आले की घालतात ती शेरवानी तेवढी ताठ उभी असते. बापूकाका या मंडळींना मालकांच्या नावांनीच हाका मारतात. "वकील झाले, जोशीबाईंना अजून वाफ द्यायचीय," असं ऐकून नवीन गिऱ्हाईक दचकतं. मला मात्र तिथे बसल्या बसल्या वाटायला लागतं की हे सगळे लोक जेवून वामकुक्षी घेताहेत आणि आपण उगीच मोठ्याने बोलू नये.

ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडी धुलाई, असं समजणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. त्यात कोरडं काही नसतं, फक्त पाणी नसतं. पाण्याऐवजी जे औषध असतं ते तेल-तूप विरघळवतं, पण घामाला आणि सरबताला ते दाद देत नाही. त्यांचा बंदोबस्त आधी वेगळा करावा लागतो. म्हणून कपडा मशीनमध्ये जाण्यापूर्वी डागाची कसून चौकशी होते. लोक खोटं बोलतात. एका सद्गृहस्थांनी डाग कोकम सरबताचा आहे म्हणून सांगितलं. बापूकाकांनी वास घेतला आणि एवढंच विचारलं, "कोकम गोव्याचं काय?"

गावातल्या झाडून सगळ्या लग्नांना ते जातात आणि मठ्ठ्याच्या पिंपाजवळ उभे राहतात. खिशात पांढरं सुती फडकं आणि पावडरची डबी. कुणाच्या पदरावर काही सांडलं की पोहोचलेच. "चोळू नका, टिपा," हा त्यांचा मंत्र. यजमानांना वाटतं, म्हातारा जेवणावर टपलाय. खरं तर ते पुष्कळदा जेवायचेच विसरतात.

यंदा माझ्या मुलीचं, मुग्धाचं लग्न ठरलं आणि तिने आजीचाच शालू नेसायचा हट्ट धरला. ट्रंकेतून शालू काढला तर निऱ्यांच्या जागी हा तळहाताएवढा तपकिरी डाग. माझी आई तर केव्हाच गेलेली, त्यामुळे डाग कसला ते सांगणार कोण? मुग्धा रडकुंडीला आली. तिला दुसरा शालू नकोच होता. आजीच्या मांडीवर वाढलेली पोर ती.

बापूकाकांनी शालू उजेडात धरला, हुंगला, डागावरून बोट फिरवलं. साखर आहे म्हणाले. सरबत किंवा पन्हं, बहुधा तुमच्या आईच्या लग्नातलंच. तेव्हा वाळून दिसेनासं झालं असणार. साखर अशी गप्प बसते आणि वर्षांनी तपकिरी होऊन वर येते. शालू त्यांनी ठेवून घेतला आणि न्यायला मुलीलाच पाठवा म्हणून सांगितलं.

लग्नाच्या आधल्या आठवड्यात आम्ही बापलेक गेलो. डाग पुष्कळ फिका झाला होता. आणखी ओढला तर रेशीम तुटेल, म्हणून त्यांनी हात आवरला होता. नेसायचा की नाही ते तू ठरव, असं त्यांनी मुग्धाला सांगितलं. तिने डागावर हात ठेवला आणि नेसणार म्हणाली.

बापूकाका एवढे खूश झाले की शिकवणीच सुरू झाली. जरीवर अत्तर मारायचं नाही, ती काळी पडते. उतरवला की सावलीत वारा द्यायचा. प्लास्टिकमध्ये तर मुळीच नाही, आपल्या दमट हवेत बुरशी धरते. मलमलीत गुंडाळायचा, अधूनमधून घडी मोडायची. मुग्धाने सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "अनूताईचा शालू पण तुम्हीच तयार केला असेल ना?"

बापूकाका इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले. तिचं लग्न तिकडेच झालं, म्हणाले. इथून कुणाला जाता येण्यासारखं नव्हतं. फोटो आला.

"साडी नेसली होती. पण कसली, ता फोटोत काय कळेना. हाताला लागल्याबिगर मला कपडा कळत नाय."

"मग विचारायचं तिला."

"विचारणार होतो. मग म्हटलं, पोरीला वाटेल, बाप लग्नाला आला नाय आणि साडीची चौकशी करतो."

मला फार वाईट वाटलं. गावभरच्या मुलींचे पदर राखत हिंडणारा हा माणूस, आणि त्याच्या मनात एवढीशी गोष्ट अडून बसलेली. मुग्धा माझ्यापेक्षा धीट. तिने गल्ल्यावरचा त्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

अनूने फोन घेतला. जेवलीस का, थंडी आहे का, हे विचारून झालं. मुग्धाने शालूकडे बोट दाखवलं.

"अनू, तुझ्या लग्नातली साडी कसली गो ती?"

फोन स्पीकरवर होता.

"आईची, बाबा. मोरपंखी इरकल. निघताना बॅगेत घेतली होती. तुम्ही ओळखली नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."

बापूकाका गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. बायकोने आपल्या साड्या कधी दुकानात येऊच दिल्या नव्हत्या, घरीच रिठ्यात धुवायची. अंगावर बघायच्या, तर हे दिवसभर इथे. तसं काहीतरी ते पुटपुटले, अनूला किंवा स्वतःला.

आता इथे थांबू नये असं वाटून मी मुग्धाला खूण केली. तिने शालू छातीशी धरला आणि आम्ही पायरी उतरलो. मागून बापूकाकांचा आवाज आला, अगदी हळू.

"फोटोत मी साडीच बघत राहिलो गो. तू कशी दिसत होतीस, ता सांग."