निसारभाईंची कंबर

एमआरआयची फिल्म मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उलटी धरली होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर तिच्याकडे बघून मी जे सांगितलं होतं, ते निसारभाई तांबोळी इमानाने पाळत होते.

निसारभाई आमच्या समोरच्या दारातले. बिबवेवाडीच्या या इमारतीत आमची दोन्ही कुटुंबं एकदमच राहायला आली. त्यांचा सगळा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला. निवृत्त झाले आणि कंबर दुखायला लागली. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून माझ्याकडे आणला. तेव्हाची मी म्हणजे नुकतीच निवृत्त झालेली विज्ञानाची शिक्षिका. विद्यार्थी संपले होते, शिकवायची खुमखुमी शिल्लक होती. चष्मा पुसून, आवाज खाली आणून मी म्हणाले, "मणके झिजलेत, भाई. एक चुकीचं ओझं उचललंत, तर कायमचे बसाल."

त्यातलं झिजणं रिपोर्टात होतं. बाकीचं माझं.

निसारभाईंना लगेच पटलं. "म्हणजे बेरिंग गेलंय," ते म्हणाले. "बेरिंग गेलेल्या मशीनवर लोड टाकत नाहीत."

तेव्हापासून त्या घरात कंबरेचाच शब्द चालायचा. लग्नाचं आमंत्रण आलं, की "कंबरेला विचारून सांगतो." सोसायटीच्या मीटिंगला ती हमखास नाही म्हणायची, क्रिकेटच्या मॅचला मात्र दिवसभर बसायची. जिन्यात हातातून नाणं पडलं, तर उचलून देणारा कुणी येईपर्यंत भाई त्यावर पाय ठेवून उभे. आम्ही हसायचो. मी तर जरा अभिमानानेच. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

मग विश्रांतवाडीला दिलेल्या त्यांच्या लेकीला मुलगी झाली, झोया. चालायला लागली तशी ती आल्या आल्या दोन्ही हात वर करून आजोबांसमोर उभी राहायची. "नानू, उचल." निसारभाई स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसायचे, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. "नानूची कंबर तुटेल, बेटा." पोरगी मग माझ्याकडे वळायची, मी तिला कडेवर घ्यायचे. तिच्या खांद्यावरून मला त्यांचा चेहरा दिसायचा. तरी मला काही सुचलं नाही.

गेल्या वर्षी लेकीने त्यांना धायरीच्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. बाईंनी फिल्म सरळ धरली आणि सांगितलं, की या वयात पुष्कळांचे मणके असेच दिसतात, केस पिकतात तसं. दुखेल थोडं, पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. हळूहळू वाका, उचला.

निसारभाई थेट माझ्या दारात. "ही पोर बरोबर, की तुम्ही?" चहा गार होईपर्यंत मी आजकालच्या डॉक्टरांना नावं ठेवली. शेवटी कबूल केलं, की तीच बरोबर. ते उठून गेले.

मग मागच्या गॅलरीत त्यांचा सराव सुरू झाला. आधी अर्धी बादली, पुढे भरलेली, त्यानंतर गव्हाची पिशवी. तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण पिशवी वर यायची. कशासाठी चाललंय हे त्यांनी सांगितलं नाही, मला विचारायची गरज नव्हती. ईद जवळ आली होती.

ईदला मी त्यांच्याकडे शीरखुर्मा खात बसले होते. झोया आली. आता शाळेत जाणारी, पुढचे दात पडलेली. निसारभाई खुर्चीतून उठले, तिच्यासमोर वाकले आणि हात पसरले.

पोरगी चटकन मागे सरकली. "नको नानू, तुमची कंबर तुटेल." आणि मोठ्या माणसासारखं दंडाला धरून तिने त्यांना परत खुर्चीत बसवलं.

ते मला दारापर्यंत सोडायला आले. चूक माझी होती, मी म्हणाले. झोयाला मी नीट समजावून सांगते.

निसारभाईंनी हसल्यासारखं केलं.

"तुम्ही राहू द्या, ताई. तुम्ही समजावलेलं मनातून लवकर निघत नाही."