छातीएवढा शेवगा

परसातल्या शेवग्याची एकच फांदी कापायची, एवढंच मी ठरवलं होतं. शेंगा लागायच्या त्या थेट वरच्या मजल्याच्या गॅलरीसमोर. वरच्या काकू हात लांबवून त्या तोडायच्या आणि त्यातल्याच दोन ‘घ्या हो, घरच्या आहेत’ म्हणत आम्हाला आणून द्यायच्या. बायको बहिणीकडे गेली होती. माहेरच्या झाडाची फांदी आणून तिनं हा शेवगा वाढवला होता, आणि तो फक्त तिचंच ऐकायचा. (तसं घरातलं सगळंच तिचं ऐकतं. मीसुद्धा.)

“तुम्हाला काय अवघड आहे?” शेजारचे काका शिडी धरत म्हणाले. मला हरभऱ्याच्या झाडावर कुणीही चढवू शकतं. हा तर शेवगा होता.

शेवग्याचं लाकूड गाजरासारखं ठिसूळ. पहिली फांदी पडताना खालची एक घेऊन पडली. मग डावी बाजू जड दिसायला लागली. डावी कापली, तर उजवी उंच वाटू लागली. (मिशी कातरताना माझं असंच होतं, म्हणून मला मिशी नाही.) शेवटी शिडीची गरजच उरली नाही. माझ्या छातीएवढा खुंट तेवढा राहिला आणि काकांना एकदम घरचं काम आठवलं.

संध्याकाळी बायको येणार! मी घाईघाईनं सगळ्यात मोठी फांदी कपड्यांच्या दोरीनं खुंटाला बांधली. तिनं मागचं दार उघडलं आणि फांदी तिच्या पायाशी आडवी झाली.

“अहो, हे काय?”

“वारा होता गं जोराचा.”

“आणि दोरी वाऱ्यानं बांधली?”

एवढंच बोलून ती आत गेली. ती ओरडली असती तरी चाललं असतं. मला फार अपराधी वाटत होतं. त्याच रात्री कुणी न सांगता मी भांडी घासायला घेतली, आणि रोजच घासू लागलो. ती खुंटाकडे बघून सुस्कारा टाकायची. मी आणखी एक पातेलं ओढायचो.

एका सकाळी खुंटभर हिरवे कोंब! आनंदानं मी तिला सांगायला धावलो. ती तिच्या आईशी फोनवर बोलत होती.

“अगं, मस्त फुटलाय. छातीएवढाच कापायचा ना, म्हणजे शेंगा हाताशी येतात. मी माळ्याला बोलावणारच होते. छे, यांना नाही सांगितलं अजून. भांडी घासतायत ना!”

मी तसाच मागं फिरलो. खरं सांगतो, राग आलाच नाही. झाड जगलं होतं आणि ती हसत होती, मला तेवढं पुरे होतं. खुशीत कढई घासायला घेतली, तोच बाहेरून आवाज आला.

“मदत कसली आई! ते ऑफिसला गेले की मी सगळी पुन्हा घासते.”